डायनासोरच्या मादीला आचळ नसतात: अण्णांबरोबर मुलुंड ते मढ

सासऱ्यांना कसं सांगायचं, की डायनासोरच्या मादीला आचळ नसतात?

ऐंशीच्या दशकातल्या एका मे महिन्यात, मुलुंडच्या आमच्या चाळीमागे ताडपत्रीखाली उभी राहून मी हाच विचार करत होते. समोर बारा फूट लांबीची मादी उभी होती. बांबूचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर कागदाचा लगदा आणि मोरचूद घातलेली खळ. मान, पाठ, शेपटी, सगळं झकास जमलेलं. आणि पोटाखाली, म्हशीला असतात तसे, चार आचळ. इतक्या निगुतीने केलेले की हात लावून बघावंसं वाटावं. शेजारी एक पिल्लू मान वर करून दूध प्यायच्या तयारीत.

या ब्लॉगवर मी एरवी हिमाचल, हंपी वगैरे लिहिते. पण मध्यंतरी एका वाचक मैत्रिणीने विचारलं, "तुमचा आजवरचा सगळ्यात मोठा प्रवास कोणता?" तेव्हा मला हा आठवला. दोन दिवस, मुलुंड ते मढ आणि परत. उपनगराबाहेर पाऊल टाकलं नाही. तरी तुम्हाला हा मार्ग करायचा असेल तर आजही करता येईल, म्हणून जमेल तशी माहितीही देते.

आधी माणसं सांगते. मी जीवशास्त्राची शिक्षिका, लग्नाला चार वर्षं झालेली. नवरा प्रकाश भांडुपच्या कारखान्यात पाळ्या करायचा. आणि अण्णा, माझे सासरे. मालवणकडचे, आयुष्य गिरणीत गेलेलं. संपात गिरणी गेली, दोन वर्षांनी सासूबाई गेल्या, आणि अण्णा गॅलरीतल्या खुर्चीत बसले ते बसलेच. माझं बी.एड. चाललं होतं तेव्हा हाच माणूस सकाळी पाचला उठून मला डबा करून द्यायचा. "सून शिकता तर शिकू दे," असं नातेवाइकांना तोंडावर सुनवायचा. ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. एक दिवस त्यांनी जाहीर केलं, की यंदाचा गणपती झाला की कायमचं गावाला जायचं. गावी धाकटे काका होते. बाकी तिथे त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं, आणि करण्यासारखं काही नव्हतं. ते तिकडे खंगत जाणार हे मला आणि प्रकाशला स्वच्छ दिसत होतं.

त्यात मंडळाची पोरं आली. यंदा देखावा डायनासोरच्या कुटुंबाचा, हलता. अण्णा लहानपणी गावच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती करतात तिथे, मामाच्या हाताखाली माती मळायचे, हे कुणीतरी सांगितलं होतं. अण्णा कसेबसे तयार झाले. पावसाआधी लगदा वाळायला हवा म्हणून एप्रिलातच काम सुरू केलं, आणि खुर्ची रिकामी दिसू लागली. मला वाटलं, हे काम नीट झालं तर माणूस राहील. फसलं आणि पोरं हसली, तर गेलाच.

आता त्या आचळांचं पाप माझ्याकडे कसं येतं ते सांगते. एप्रिलात एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा अण्णा सांगाड्याच्या काठ्या बांधत होते. वर न बघता त्यांनी विचारलं, "गो, ह्येंचो संसार कसो व्हतो?"

मला प्रश्न कळला होता. नर-मादी जवळ कसे येत, मादी व्यायची की अंडी घालायची, पिल्लं कशी वाढायची, सगळं त्या एका 'संसार' शब्दात होतं. पण सासऱ्यासमोर हे बोलायचं? डोक्यावरचा पदर सुटून वर्ष झालं होतं, जिभेवरचा सुटला नव्हता. "नक्की कुणालाच माहीत नाही, अण्णा," म्हणाले आणि कप उचलून पळाले. तसं खोटं नव्हतं. पण अंडी तर माहीत होती! आपल्या शेजारी गुजरातेत त्याच सुमाराला डायनासोरची अंडी आणि घरटी सापडत होती, त्याचं कात्रण माझ्या कपाटात होतं. मी ते काढून दिलं नाही. मग अण्णांनी त्यांना ठाऊक असलेली आई केली. कोकणातल्या माणसाला म्हैस ठाऊक असते.

तोंडाने सांगायचं धैर्य ती मादी बघूनही झालं नाही. म्हणून मी शहाणपणा केला. डायनासोरचे जिवंत नातेवाईक म्हणजे मगरी आणि पक्षी. ते अण्णांना दाखवायचे, म्हणजे त्यांचं त्यांनाच कळेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. शाळेला सुट्टी होतीच. "अंधेरीला मावशीकडे जायचंय, सोबत चला. वाटेत पवईला मगरी बघू, तुमच्या कामाला उपयोगी पडतील," असं सांगून मी त्यांना बाहेर काढलं.

पहिला दिवस: पवई

मुलुंडहून बसने विक्रोळी, तिथून अंधेरीकडे जाणारी दुसरी बस. तिकिटाला फारसे पैसे पडले नाहीत, आजही पडत नाहीत. सकाळी लवकर जा. मगर उन्हं खायला काठावर येते ती सकाळीच, दहानंतर पाण्यात नुसता गवताचा पुंजका बघून "तीच ती" असं एकमेकांना सांगत बसावं लागतं. आम्हीही अर्धा तास तेच केलं. बरोबर घावणे आणि चटणी होती. अण्णा खात खात पाण्याकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

जवळच एक गृहस्थ गळ टाकून बसले होते. वर्षानुवर्षं येणारे असावेत, छत्री आणि पाट घरून आणलेला. त्यांनीच बोट दाखवलं. समोरच्या दगडांमध्ये एक दगड इतरांपेक्षा लांब होता आणि त्याला डोळा होता.

"मादी आहे ती," ते म्हणाले. "मागे त्या काठाला खड्डा करून अंडी घातलीत. जाम डेंजर असते ह्या दिवसांत, कुणाला फिरकू देत नाही. पिल्लं आतून चीं चीं करायला लागली ना, की स्वतः उकरून काढते. आणि तोंडात धरून पाण्यात सोडते. मी पाह्यलंय."

"तोंडात?" अण्णांनी विचारलं. "त्याच दातांत?"

"त्याच. पण एक ओरखडा नाही पडत."

अण्णांना ते फार आवडलं. चेहरा खुलला. मग त्यांनी साहजिकच पुढचं विचारलं, "आणि दूध?"

"दूध?" गृहस्थांनी मान वळवून आमच्याकडे नीट बघितलं. "मगरीला दूध कसलं, काका! अंड्यातनं निघाली की आपली आपण मासे, किडे खातात. दूध म्हणजे गाय-म्हैस. अंडीवाल्याला कुठलं दूध?"

अण्णांनी हातातला घावणा तसाच दुमडून डब्यात ठेवला. मी डबा बंद केला. माझी योजना शंभर टक्के यशस्वी झाली होती आणि मला रडू येत होतं.

बसमध्ये ते माझ्या शेजारी न बसता पुढच्या सीटवर बसले. साकीनाका गेल्यावर मागे वळले. "तुका ठावक व्हता?"

"हो."

"कदीपासून?"

"पहिल्यापासून, अण्णा."

"मगे तोंडान सांगूक काय झाला व्हता? त्या परक्या माणसाकडसून माका शिकवलंस?" एवढं बोलून ते पुढे बघत राहिले ते अंधेरी येईपर्यंत. कंडक्टरने दोनदा सुट्टे मागितले तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

अंधेरी: टेकडी

मावशी अंधेरी पश्चिमेला राहायची. गावदेवीच्या टेकडीच्या पायथ्याशी, दोन खोल्या. जेवायला बोंबलाचं कालवण आणि भाकरी होती. अण्णा एरवी बोंबलावर भाषण देणारे, पण मुकाट जेवले आणि हात धुताना म्हणाले, "मी सकाळी मुलुंडाक जातंय. ती मादी मोडून टाकतंय. मंडळवाल्यांका सांगा, दुसरो कोण बघा. आणि गावाक जाऊक गणपतीची वाट कित्याक बघू? परवाच्या एश्टीन जातंय."

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? चार आचळांपायी माझं घर मोडतंय, असं?

संध्याकाळी मावशीनेच आम्हाला टेकडीवर पिटाळलं. "देवीला नमस्कार करून या, वारा असतो." ज्यांनी ही टेकडी बघितली नाही त्यांच्यासाठी: गिल्बर्ट हिल म्हणतात तिला. अंधेरीच्या वस्तीतून एकदम सरळ वर गेलेला काळा दगड, जणू कुणी खांब रोवलाय. कडेने कोरलेल्या पायऱ्या, वर गावदेवीचं देऊळ. तिकीट वगैरे काही नाही. गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा. वरून तेव्हा समुद्रापर्यंत नजर जायची, आता इमारती मध्ये येतात.

अण्णांनी देवीला हात जोडले आणि कठड्याला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, आता तरी बोलायलाच हवं. शिक्षिकेला बोलायची सुरुवात दगडापासून करणं सोपं जातं.

"अण्णा, हा दगड लाव्हारसाचा आहे. साडेसहा कोटी वर्षांचा. डायनासोर संपत आले होते तेव्हाचा."

त्यांनी खाली वाकून दगडावर तळवा ठेवला. "म्हणजे ह्येच्या येळेक ते व्हते?"

"शेवटचे शेवटचे असतील."

मग मी म्हणून टाकलं, "चुकलं माझं. तुम्ही एप्रिलात विचारलंत तेव्हाच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली. आणि आज तुम्हाला फिरवून आणलं ती पण चोरीच. मला माफ करा."

अण्णा हसले नाहीत, पण आवाज उतरला. "माका इचारताना वाटली नाय असा वाटता तुका? चार दिवस शब्द शोधीत व्हतंय मी. ह्या घरात तुजी सासू असती तर तिका इचारूक लावलं असतंय." मग देवळाकडे बघत म्हणाले, "आता इचारूक कोणच नाय ना."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की ते मला डायनासोरबद्दल विचारत होते खरे, पण विचारण्यासारखं घरात मीच एक माणूस उरले होते म्हणून विचारत होते. आणि मी कप उचलून पळाले होते. मी त्यांना एकच गोष्ट मागितली. उद्याचा दिवस माझ्याबरोबर मढला चला, मग मोडायचं की ठेवायचं ते तुम्ही ठरवा, मी अडवणार नाही. ते "बघू" म्हणाले. आमच्या घरात 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा होकारच असतो.

दुसरा दिवस: मढ

अंधेरीहून बसने वेसाव्याला, म्हणजे वर्सोव्याला, तिथून खाडी ओलांडायला नाव. पाच-सात मिनिटांचा प्रवास, काही नाण्यांत व्हायचा. भाडं वाढलंय, नाव अजून आहे. टोपल्या, सायकली, एक बकरी आणि आम्ही. सुक्या मासळीच्या वासाने अण्णांना जरा हुशारी आली. आमच्या मुलुंडात सगळं मिळतं, समुद्र तेवढा मिळत नाही.

मावशीकडे अंडी द्यायला ट्रीझाबाई म्हणून मढची एक ख्रिस्ती बाई यायची. तिच्या वाडीत टर्की पाळलेल्या होत्या, नाताळात विकायला. मावशीचा निरोप घेऊन आम्ही तिच्या दारात गेलो. साठीची, उंच, गुडघ्यापर्यंत खोचलेलं लाल लुगडं आणि आवाज असा की पलीकडच्या नावेला ऐकू जावा. आम्ही कशासाठी आलो ते मी गोल गोल करून सांगितलं. "यांना डायनासोर करायचाय, मोठं पक्ष्यासारखं जनावर, तर पक्ष्यांचं जरा, म्हणजे घरटं, अंडी वगैरे..."

"आन नर मादी?" ट्रीझाबाईने सरळ विचारलं.

मी मान डोलावली. अण्णा माडाकडे बघू लागले.

"मंग लाजता कशापायी? बसा. सकालच्या पारी त्यांचा तोच धंदा चालतंय."

आणि खरोखर, पाच मिनिटांत नराने पिसारा फुलवला. गळ्याची कातडी लालभडक झाली, पंख जमिनीला घासत तो मादीभोवती फेऱ्या मारू लागला. मादी आधी दाणे टिपत राहिली, त्याला भीकही घातली नाही. ("नखरा बग," ट्रीझाबाई.) मग ती मान लांब करून जमिनीवर बसली. नर तिच्या पाठीवर चढला, पाय रोवले, तोल सावरत राहिला. मी जमिनीकडे बघत होते. अण्णा मात्र उठून दोन पावलं पुढे गेले होते. लाज कुठल्या कुठे गेली होती, तिथे आता कारागीर उभा होता.

"शेपूट बघ, गो," ते हळूच म्हणाले, जणू आवाजाने सगळं बिघडेल. "तिना शेपूट बाजूक केल्यान. आणि तेना आपला खाली वाकवल्यान."

"बहुतेक पक्ष्यांचं असंच," मी म्हणाले. माझा आवाज मलाच नवा वाटला. "शेपटीखाली एकच द्वार असतं, अण्णा. शी, अंडी, सगळं तिथूनच. दोघांची द्वारं क्षणभर टेकतात, की झालं. मगरीचंही द्वार एकच, तिथेच. म्हणजे डायनासोरचंही तसंच असणार."

"इतक्यातच जाला?" अण्णांनी विचारलं.

"तर? तुमाला काय तीन तासाचा शिनेमा पायजे व्हता?" ट्रीझाबाई म्हणाली, आणि ती, मी, अण्णा, तिघंही हसलो. सासरा आणि सून, एका अंगणात, या विषयावर. माझ्या आईने हे ऐकलं असतं तर तिला भोवळ आली असती.

जेवायला ट्रीझाबाईने फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, आणि कोलंबी दिली, तिने वर्षाचा कुटून बाटल्यांत भरून ठेवलेल्या मसाल्याची. पैसे घेतले नाहीत. जेवताना अण्णांनी एकामागून एक प्रश्न विचारले. मादी किती दिवस बसते? नर बसतो का? ट्रीझाबाई म्हणाली, टर्की जड असते, फार जाडी झाली की स्वतःचीच अंडी पायाखाली फोडते, म्हणून अंड्यांवर बसायला बाई दुसरी हलकी कोंबडी ठेवते.

अण्णांचा घास हातातच राहिला. "मगे हत्तीएवढा धूड अंड्यावर बसात कसा? आमलेट होतला!"

हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. एवढी पुस्तकं वाचूनही पडला नव्हता, हे आज कबूल करते.

दुपारी किनाऱ्यावर गेलो. तिथे अण्णांनी एक काठी शोधून माझ्या हातात दिली. "काढून दाखव. तुका ठावक आसा तेवढा सगळा सांग. आता लपवू नको." मग मी वाळूत दोन डायनासोर काढले आणि सांगत गेले. एवढ्या जड शेपटीचं काय करायचे ते कुणी बघितलेलं नाही. बहुधा मादी पुढे वाकत असेल, शेपटी एका बाजूला घेत असेल, नर मागून, एका अंगाने येत असेल. काहींच्या पाठीवर तर काटे आणि पत्रे, त्यांचं कसं व्हायचं हे कोडंच. अंडी ते मातीत पुरत, गुजरातेत तशीच मिळालीत, खड्ड्यात एकत्र.

अण्णा माझ्या हातून काठी घेऊन दुरुस्त्या करत होते. "असो उभो रवलो तर पडतलो. पाय हय व्हयो." तोल कसा सांभाळायचा हे त्यांना बांबूने शिकवलं होतं.

आमच्याभोवती चारपाच माणसं जमली. मढला तेव्हाही बंगल्यांतून चित्रीकरणं चालायची. एकाने अण्णांना विचारलं, "काय शूटिंग हाय काय?"

"हां," अण्णा म्हणाले, "पण हिरो-हिरॉईन दोघंय वारली. लय वर्सां झाली."

परत

मढहून मालाडला बस, मालाडहून गोरेगाव, तिथून आरे कॉलनीतून पवईकडे जाणारी बस. लांबचा रस्ता आहे, पण आरेतली झाडी बघायची असेल तर हाच घ्या. एका तबेल्याजवळ बस थांबली. खिडकीबाहेर पंधरावीस म्हशी, दूध काढायची वेळ, भरलेल्या कासा. अण्णा त्यांच्याकडे एकटक बघत होते. आणि अचानक ते हसायला लागले. आधी खांदे हलले, मग डोळ्यांतून पाणी. "हिच्यावरसून केलंय गो मी! हीच ती!" पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघू लागला. सासूबाई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. मलाही आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पटाशीने तीन आचळ स्वतः काढले. चौथ्यासाठी मला हाक मारली. "ह्यो तू काढ. गप रवलंस त्येची शिक्षा." मी काढला. वेडावाकडा निघाला, पोटाला खड्डा पडला. त्यांनी लगद्याने तो असा बुजवला की नंतर मलाही जागा सापडेना.

मग त्यांनी मादीचे पाय कापून तिला बसवलं. अंड्यांवर नाही. अंडी गोलाकार, मातीत अर्धी पुरलेली, आणि ती त्यांना अंगाचं कुंपण करून. मंडळाचा सेक्रेटरी कुरकुरला, "अण्णा, ती अंड्यावर बसल्याशिवाय आई कशी वाटणार?" अण्णांनी त्याला विचारलं, "तुज्या आवशीन तुज्यावर बसून तुका वाढवल्यान?" विषय संपला. पुढे बऱ्याच वर्षांनी पेपरात वाचलं, की घरट्यात बसलेल्या डायनासोरचे सांगाडे मिळाले, अंडी गोलात मांडलेली, आणि मोठ्या जातीच्या घरट्यात मध्ये रिकामी जागा, वजन अंड्यांवर येऊ नये म्हणून. अलीकडे तर एका लहानशा डायनासोरच्या शेपटीखालचं ते एकमेव द्वारही दगडात शाबूत मिळालंय. आणि काही ठिकाणी खडकावर नखांचे मोठे ओरखडे आहेत, ते नर मादीपुढे नाचायचे त्याचे असावेत, असं म्हणतात. ते वाचताना मला मढचा पिसारा फुलवलेला नर दिसत होता. अण्णा तोवर गेले होते. पेपर कुणाला दाखवू असं झालं.

गणपतीत रांगा लागल्या. मादीची मान वाकायची, अंडं फुटायचं, पिल्लाचं डोकं बाहेर यायचं. शेजारी माईक घेऊन अण्णा उभे. नर-मादी कशी जवळ येत असतील तेही सांगायचे, सरळ, न चाचरता. बायका तोंडाला पदर लावायच्या पण हलायच्या नाहीत.

मला त्या सहलीतून काय मिळालं ते सांगायला हवं. तोवर शाळेत पुनरुत्पादनाचा धडा आला की मीही इतरांसारखंच करायची. "हा धडा घरी वाचून या." वर्गात खसखस पिकायची आणि आम्ही पुढच्या धड्यावर जायचो. त्या वर्षी मी फळ्यासमोर उभी राहिले आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत शिकवला. पुढे निवृत्त होईपर्यंत एकदाही तो धडा घरी पाठवला नाही. किती मुली नंतर एकट्याने येऊन काय काय विचारून गेल्या. त्यांच्या प्रश्नांना मी उत्तरं देऊ शकले, याचं श्रेय मी मढच्या वाळूला आणि अण्णांना देते, मनापासून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाहून धाकटे काका आले, ठरल्याप्रमाणे अण्णांना न्यायला. अण्णांची ट्रंक आम्ही भरून ठेवली होती. मी विचारलं नव्हतं, त्यांनीही काही सांगितलं नव्हतं. प्रकाश दाराशी उभा होता. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा काका म्हणत होते, "चल दादा, खोली झाडून ठेवलंय. हय काय रवला तुजा? गिरण गेली, वयनी गेली."

अण्णांनी माझ्या हातातून कप घेतला. या वेळी मी पळाले नाही, तिथेच उभी राहिले.

"माजी मास्तरीण हय आसा," अण्णा म्हणाले. "अजून माका खूप इचारूचा आसा तिका."